एफ वाजला, काका!

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. गिटार शिकणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर उत्तमच.

सी, जी, ए मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, जमले की बहुतेकांचं गाडं एफ कॉर्डवर अडतं. पहिल्या फ्रेटवर (गिटारीच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेलं पहिलं घर) तर्जनी आडवी टाकायची, सगळी ताकद लावायची आणि ऐकायचं काय, तर ठप्प ठप्प. ज्याला विचारावं तो म्हणे, "सराव कर, बोटं घट्ट होतील." तुम्ही मात्र आधी गिटार मागितलीत. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरलीत, चष्मा कपाळावर सारलात आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहिलंत. तिथे कागद जेमतेम सरकायला हवा. माझ्या गिटारीत पोस्टकार्ड गेलं असतं. "नट उंच आहे. पोरीच्या बोटांना कशाला बोल लावायचा?" मग बारीक कानस घेऊन नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा खोल करत बसलात. दोनदा घासलं की तार चढवून बघायची, पुन्हा उतरवायची. जास्त घासलं तर मोकळी तार थडथडते आणि नटच बदलावा लागतो, म्हणून ही सगळी चिकाटी. पैशांचं विचारलं तर म्हणालात, चहा टाक.

पण त्याहून मोठं काम तुमच्या एका प्रश्नानं केलं: "तर्जनीनं नेमक्या किती तारा वाजवायच्यात?" मी म्हटलं सहा. तुम्ही मोजायला लावलंत. सहावी तार सगळ्यात जाड, पहिली सगळ्यात बारीक. पाचवी अनामिकेकडे, चौथी करंगळीकडे, तिसरी मधल्या बोटाकडे. उरल्या सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तिन्हींवर तर्जनी नुसती टेकली तरी चालतं! इतकी साधी गोष्ट, पण मला तोवर कुणी सांगितली नव्हती. मग बोट जरासं अंगठ्याच्या बाजूला कलंडवायचं, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारांवर येते. अंगठ्यानं आवळायचं नाही, हाताच्या वजनानं मागे ओढायचं.

सुरुवातही एफपासून नाही करू दिलीत. तोच आकार पाचव्या फ्रेटवर, म्हणजे ए. तिथे नट लांब आणि फ्रेट जवळजवळ, त्यामुळे हात कमी रडतो. मग एकेक फ्रेट खाली, तिसऱ्यावर जी, शेवटी एफ. बी मायनर तर त्यापुढे सोपाच वाटला. त्यात तर्जनीला पाचवी आणि पहिली एवढ्याच तारा सांभाळायच्या.

रविवारी येते. दुसऱ्या फ्रेटवरचा बी मेजर छळतोय. अनामिकेनं तीन तारा धरल्या की पहिली मुकी होते. तुम्ही म्हणाल, होऊ दे, आमच्या ऑर्केस्ट्रात कोण ऐकायचं? पण मला ती ऐकू यायला हवी, काका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची