ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागातल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. विचारलं असतं तर ‘कशाला उगाच’ म्हणून तुम्ही हात झटकले असते. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं होतं, कारण ‘नाही’ हे उत्तर मला आजवर चारचौघांतच ऐकायला लागलं होतं.

‘विविधज्ञानविस्तार’ या जुन्या मासिकातला तो लेख मिळाला, प्रबंधाचं अडलेलं प्रकरण पुरं झालं आणि मार्गदर्शकांनी ते मान्यही केलं. हे कळवताना अजूनही घसा दाटतो. तुमच्या दृष्टीने ती रोजच्यासारखी दुपार असेल, पण मी संशोधन सोडून द्यायच्या बेताला आले होते. घरी तसं बोलूनही झालं होतं.

माझ्याकडे होती ती एका जुन्या पुस्तकातली तळटीप. ‘वि. ज्ञा. वि.’ आणि पुढे खंड व अंक यांचे आकडे, बस्स. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या संपादनाखाली 1867 साली निघालेलं आणि 1937 मध्ये थांबलेलं हे मासिक. मराठीत संशोधन करणाऱ्याला आज ना उद्या त्याच्या दाराशी जावंच लागतं. असं असून एका ग्रंथालयात लेखाचं नाव टाइप करून, मान वर न करता ‘आमच्याकडे नाही’ असं सांगितलं गेलं. दुसरीकडे आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा ओळख-क्रमांक, मागितला. तो क्रमांक 1970 च्या दशकात सुरू झाला, 1937 मध्ये बंद पडलेल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर तो मी कुठून शोधायचा? आणखी एका ठिकाणी तर ‘हल्ली सगळं ऑनलाइन मिळतं, इतक्या लांब येता कशाला’ अशी बोळवण झाली. चिपळूणहून पहाटेची एसटी पकडून, कॉलेजातून बिनपगारी रजा टाकून आलेल्या बाईला हे ऐकवताना कुणाला काही वाटलं नाही. एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नसेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण समोरच्या माणसाला काय हवंय ते पुरतं ऐकूनही घ्यायचं नाही, याचा मला राग आहे आणि तो राहील.

तुमच्याकडे आले तेव्हा मी आधीच माफी मागितल्यासारखी बोलत होते. तुम्ही तळटीप वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात, आणि संगणकाचा स्क्रीन माझ्याकडे वळवून कीबोर्ड माझ्यापुढे ठेवलात. म्हणालात, “तुम्हीच टाका. मी सांगतो.”

काका, आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याचे. तोवरच्या प्रत्येक काउंटरवर स्क्रीनची पाठ माझ्याकडे असायची. आत काय दिसतंय, कुठल्या शब्दाने शोधलं, काय सापडलं नाही, यातलं काहीही मला कळायचं नाही. फक्त निकाल कळायचा. तुम्ही स्क्रीन वळवलात आणि तिथल्या तिथे मला शिकवलंत. लेखाचं नाव कॅटलॉगला ठाऊकच नसतं, त्याला मासिकाचं नाव विचारायचं असतं, हे एवढं साधं वाक्य मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मग रोमन नोंदींची भानगड. आपण सवयीने ज्ञ साठी डी-एन-वाय टाकतो, लिप्यंतराच्या ठरलेल्या पद्धतीत तिथे जे-एन असतं. त्यात कुणी ते नाव एकसंध लिहिलेलं, कुणी तीन शब्दांत तोडलेलं. तुम्ही म्हणालात, नुसतं ‘विविध’ टाका आणि साहित्यप्रकारात ‘नियतकालिक’ निवडा. नोंद आली! तिच्याखाली उपलब्ध खंडांची यादी, आणि नेमका मला हवा तो खंड त्यात नव्हता.

माझा चेहरा पडला, पण तुम्ही जुनं ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची नोंदवही, काढायला उठलात. कोपरे झिजलेली, लाल कापडी पाठीची ती वही तुम्ही बोटाने ओळ ओळ खाली उतरत वाचत होतात आणि मी शेजारी उभी होते. तो खंड दुसऱ्याच एका मासिकाबरोबर एकाच पुठ्ठ्यात बांधलेला निघाला, म्हणून कॅटलॉगात त्या दुसऱ्याच्या नावावर. वहीत ते कुणीतरी शाईने, सुवाच्य अक्षरात टिपून ठेवलेलं होतं.

त्या लिहिणाऱ्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे कधी कुणाला लागेल म्हणून त्याने ती एक ओळ जास्तीची लिहिली. तुमच्याच कपाटात शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची होती, 1800 ते 1950 या काळाची. कोणतं मासिक कधी निघालं, कुठे निघालं, याची नोंद करत बसलेली ही माणसं. त्यांनी स्वतःचं लिहायचं सोडून दुसऱ्यांचं लिहिलेलं सापडावं म्हणून आयुष्यातली वर्षं घातली. आमच्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक असतात, आईवडील असतात, सासरची मंडळी असतात. नोंदी करणारे आणि वह्या सांभाळणारे क्वचितच असतात. माझ्या ऋणनिर्देशात ते असतील, आणि तुमचं नाव तिथे मात्र छापणार आहे, तुम्ही कितीही नको म्हणालात तरी.

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या ग्रंथालयात आता मुलं काही शोधायला आली की मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. बाकी फार काही मला जमत नाही, पण एवढं कटाक्षाने करते.

तुम्ही मार्चअखेर निवृत्त होताय असं त्या दिवशी बोलण्यात आलं होतं. एकत्र बांधलेल्या खंडांच्या वेगळ्या नोंदी कॅटलॉगात चढवायच्या राहिल्यात, ही खंतही तुम्ही बोलून दाखवलीत. दिवाळीच्या सुट्टीत मी मोकळी आहे. तुमच्या वरिष्ठांची हरकत नसेल तर कळवा. तुम्ही रजिस्टर वाचा, टाइप मी करते.

आपली कृतज्ञ,
चिपळूणची एक संशोधक विद्यार्थिनी