भेटीच्या दिवसाविषयी लेकीला

प्रिय लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्याकडे संगोपनासाठी आलेली चार वर्षांची चिमुरडी आईला भेटून आल्यावर रात्रभर रडली, तिने अंथरूण ओले केले आणि दुसऱ्या दिवशी ती तुझ्याशी बोलेना, म्हणून या भेटी काही काळ थांबवाव्यात असे तू समाजसेविकेला सांगणार आहेस. तिच्यासाठी तुझा जीव तुटतो आहे हे मला कळते. तरीही तसे सांगण्याआधी माझे म्हणणे पुरते वाच.

भेटीनंतरचे रडणे हा भेट वाईट झाल्याचा पुरावा नव्हे. जिच्यावाचून राहायची सवय करावी लागली ती आई तासभर मिळाली आणि पुन्हा दिसेनाशी झाली, तर मूल रडणारच. ब्रिटनमधले मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या सुमारास रुग्णालयात आईविना राहणाऱ्या लहान मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना आधी आक्रोश, मग हताशपणा आणि शेवटी अलिप्तपणा असा क्रम दिसला. आणि भोवतालच्या मोठ्यांना मात्र अलिप्त झालेले मूलच ‘आता रुळले’ असे वाटत असे. तुझी मुलगी अजून रडते आहे, याचा अर्थ तिचा धागा तुटलेला नाही.

शिवाय ही भेट तुझी नाही आणि तिच्या आईचीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे नववे कलम सांगते की आईवडिलांपासून वेगळ्या राहणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित संबंध आणि प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, अपवाद फक्त मुलाच्या हिताला बाधा येत असेल तेव्हाचा. हक्क मुलाचा आहे. म्हणून ‘हट्ट केलास तर आईला भेटायला नेणार नाही’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधीही निघू देऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. भेट सुरक्षित होते ती आधी केलेल्या बारीक व्यवस्थेमुळे, आणि हे मी फार महागात शिकले. तू शाळेत होतीस तेव्हा आपल्याकडे सहा वर्षांचा मुलगा राहायला होता, तो तुला आठवत असेल. त्याच्या पहिल्या भेटीला मी त्याला वेळेआधी घेऊन गेले. आईसाठी काढलेले चित्र त्याने चार घड्या करून मुठीत धरले होते. पाऊण तास तो दाराकडे पाहत बसला. आई येणार नाही, हे आम्हाला कोणी कळवलेच नव्हते. परत निघताना घामाने मऊ पडलेला तो कागद त्याने माझ्या हातात दिला आणि ‘तुम्हीच ठेवा’ म्हणाला. त्या दिवशी चूक त्याच्या आईइतकीच माझीही होती, कारण एक फोन करून खात्री करणे माझ्या हातात होते. त्यानंतर मी नियमच घालून घेतला: आई आधी पोहोचली आहे, भेटण्याच्या स्थितीत आहे, असे समाजसेविकेने कळवल्याशिवाय मूल घराबाहेर पडणार नाही. इतक्या लहान मुलांना चार दिवस आधी सांगून ठेवू नये, हेही मी तेव्हाच शिकले.

जिथे मारहाणीचा इतिहास आहे तिथे येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या हव्यात, शक्य तर दारेही वेगळी. आणि तुझा पत्ता किंवा मुलीच्या शाळेचे नाव कोणाच्याही बोलण्यातून बाहेर जाऊ नये. देखरेख करणारी व्यक्ती नुसती खोलीत असून भागत नाही, बोलणे तिच्या कानावर पडले पाहिजे. ‘पुढच्या आठवड्यात तुला घरी नेते’ असे वचन मारहाणीइतके दिसत नाही, पण मूल ते महिनोन्‌महिने उराशी धरून बसते. अशा वेळी मध्येच शांतपणे विषय बदलणारे माणूस तिथे हवे.

काही खुणा मात्र रडण्याहून वेगळ्या असतात. भेटीचे नाव काढताच ती थिजली, अंगावर वळ दिसला किंवा तिने काही सांगितले, तर खोदून विचारू नकोस. तिचेच शब्द जसेच्या तसे, तारखेसह वहीत उतरव आणि त्याच दिवशी समाजसेविकेला कळव. भेटी थांबवायच्या की त्यांचे स्वरूप बदलायचे, हे ज्यांच्या अधिकारात आहे तेच ठरवतील. त्यांना तुझ्या मतापेक्षा तुझ्या नोंदी अधिक उपयोगी पडतील. ‘ती उदास होती’ असे लिहू नकोस, ‘जेवली नाही, दोनदा जागी झाली’ असे लिही.

आणि भेटीनंतरची संध्याकाळ मोकळी ठेव. पाहुणे नकोत, ‘काय बोलली आई?’ हा प्रश्न नको. आईने दिलेली वस्तू उशाशी राहू दे. त्या बाईविषयी तुझ्या मनात राग असेल, तर तो मला लिही. मुलगी तुझा चेहरा वाचते आणि एकीवर माया केली म्हणजे दुसरीशी बेइमानी झाली, असे तिला वाटू लागते.

समाजसेविकेला भेटशील तेव्हा भेटी थांबवण्याचा विषय काढण्याआधी एवढेच विचार, की पुढच्या वेळी तिची आई किती वाजता पोहोचणार आहे आणि ती पोहोचल्याचे तुला कोण कळवणार आहे. काय उत्तर मिळते ते मला लगेच लिही.

तुझी,
आई