जुने चित्रपट घरात यावेत, पण धड रूपात

महोदय,

‘जुने मराठी चित्रपट आता नेटवर फुकट मिळतात, मग डिस्क हव्यातच कशाला?’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. मी तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर रविवारी दुपारी आळीतल्या चार-सहा जणींना बोलावून घरच्या टीव्हीवर जुने चित्रपट दाखवते. त्या अनुभवावरून सांगते, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) घ्या. काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची ही गोष्ट. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. नीराचे गाणे, फोनोवरची तबकडी, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, जे कानावर पडते ते प्रसंगातलेच. काकासाहेबांचे सरत चाललेले वय ते घड्याळच मोजत असते. आम्ही नेटवरची प्रत लावली. मूळ चौकट रुंदीला चार तर उंचीला तीन, जवळजवळ चौकोनी. इथे ती रुंद पडद्यावर ताणून बसवलेली. घड्याळाची गोल तबकडी अंडाकृती झालेली, नीरा झालेल्या शांता आपटेंचा चेहरा फुगलेला, आणि आवाजात एवढी घरघर की टिकटिक ऐकूच येईना. दुसरी प्रत शोधली. तिथे ताणले नव्हते, पण पडदा भरायचा म्हणून चित्र वरून-खालून कापले होते. काकासाहेब झालेल्या केशवराव दात्यांचे अर्धे कपाळ गायब, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का. शेजारची सून म्हणाली, “काकू, जुन्या काळी सगळे असेच दिसायचे का हो?” तिची काय चूक? तिला दाखवलेच तसे.

ग्रंथालयात आम्ही प्रभातच्या व्हीसीडी घेतल्या होत्या. एका चकतीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून एका चित्रपटाच्या दोन चकत्या. चित्र पुसट, पण ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहायला म्हातारीकोतारी माणसे बाके धरून बसायची. विष्णुपंत पागनीसांचा अभंग सुरू झाला की हात आपोआप जोडले जायचे. त्या चकत्या आता अडखळतात, आणि व्हीसीडी चालवणारे यंत्रही घरोघरी उरलेले नाही.

मराठीतल्या प्रायोगिक चित्रपटांची तर याहून परवड. ‘घाशीराम कोतवाल’ नाटक ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. त्याच गोष्टीवर १९७६ साली चित्रपट झाला, हे किती जणांना माहीत आहे? ‘युक्त’ या सहकारी संस्थेतल्या मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप या तरुणांनी तो मिळून केला. पटकथा नाटककार विजय तेंडुलकरांचीच, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी, त्यांचे पडद्यावरचे पहिले काम. पुढे कितीतरी वर्षे हा चित्रपट पाहायलाच मिळत नव्हता. बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपट संस्थेने जपलेल्या प्रतीवरून २०१४ च्या सुमारास तो पुन्हा उभा राहिला आणि त्याची डीव्हीडीही निघाली. पुण्याच्या पेशवाईची गोष्ट पाहायला मला भाच्याकरवी जर्मनीहून डिस्क मागवावी लागली. जर्मनांचे उपकार मानावे तेवढे थोडेच, पण हे काम आपले होते.

नीट केले तर काय होते, याचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे आणि तिच्या पुढच्या दोन भागांचे. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. वाचलेले तुकडे इटलीत बोलोन्याला दुरुस्त झाले, जिथे तुकडे नव्हते तिथे दुसऱ्या प्रती लावल्या, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘क्रायटेरियन’ या जुन्या चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीने मुलाखती व माहितीसकट संच काढला. चौकट मूळची, आवाज स्वच्छ.

आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ८ जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची, किती रिळे गेली, ते पुणेकरांना वेगळे सांगायला नको. मे २०२२ मध्ये केंद्राने २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी जाहीर केले, ही आनंदाची गोष्ट. पण दुरुस्त झालेला चित्रपट महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा कपाटात जाणार असेल, तर आमच्या तालुक्याला त्याचा काय उपयोग?

राज्याच्या सांस्कृतिक विभागाने संग्रहालयाशी बोलून, हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन, निदान पाच-दहा मराठी चित्रपटांच्या ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राच्या डिस्क, काढाव्यात. मूळ चौकट, मराठी व इंग्रजी उपशीर्षके आणि सोबत छोटी पुस्तिका एवढे हवेच. एकेक संच सर्व ‘अ’ वर्ग ग्रंथालयांना द्यावा, म्हणजे पुस्तकासारखा तो घरी नेता येईल. सुरुवात ‘घाशीराम’पासून करावी. तेंडुलकर, मणी कौल, ओम पुरी गेले. पण त्या चित्रपटावर राबलेली काही माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना चित्रपटासमोर बसवून त्यांचे बोलणे डिस्कसाठी ध्वनिमुद्रित करून घ्यावे, आणि हे काम याच वर्षी व्हावे.

— एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा