सुटणारी गाठ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. एलायझा म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन शोधायची चाचणी, तिच्यातल्या ब्लँकच्या, म्हणजे नमुना न घातलेल्या खळग्यांच्या, मागे लागलो होतो. नमुन्याचा थेंब नाही, तरी प्लेटमधली वेल (खळगा) पिवळी पडते, हे दुखणं तुला काय सांगायचं! प्लास्टिकच्या मोकळ्या जागा झाकणारं ब्लॉकिंग बदललं, वॉश वाढवले, ट्वीन (साबणासारखं द्रव्य) कमीजास्त केलं. फरक पडला, पण चिमूटभर. एक अँटिबॉडी प्रथिन पकडते, दुसरी त्यावर बसून रंगाने ते शोधून दाखवते; या शोधणाऱ्या अँटिबॉडीतल्या काही जणी प्रथिन नसतानाही प्लास्टिकला चिकटतात आणि प्रथिन सापडल्याच्या थाटात रंग देतात. एंग्वॉल आणि पर्लमान यांनी १९७१ मध्ये एलायझा मांडली, तेव्हापासूनची ही कटकट.

शेवटी पकडणारी अँटिबॉडी थेट प्लेटवर न बसवता मधे डीएनए घातला. अँटिबॉडीला २५ ए चा धागा, प्लेटवर २५ टी चा (ए आणि टी ही डीएनएची एकमेकांशी जुळणारी अक्षरं). दोन्ही जुळले की साधारण साडेआठ नॅनोमीटरचा दांडा होतो. माझी सगळी भिस्त त्या उंचीवर होती. वर उभी राहिली की अँटिबॉडीला हातपाय हलवायला जागा मिळेल. कसलं काय! ब्लँक होती तिथेच.

मग एका संध्याकाळी वॉशच्या बाटलीत मिठाच्या बफरऐवजी नुसतं शुद्ध पाणी भरलं गेलं. माझ्याच हातून. रंग आणणारं सब्स्ट्रेट घातलं, पंधरा मिनिटं बघत बसलो, प्लेट जवळजवळ कोरी. पार कोरी नाही हं! ब्लँकची नेहमीची फिकट छटा सगळ्या वेलींत होतीच, गायब झाला होता तो खरा सिग्नल. आधी कपाळावर हात मारला, मग ट्यूब पेटली. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मिठातले धन आयन मधे पडून त्यांना नांदवतात. मीठ काढलं की ए-टीची एवढी आखूड जोडी खोलीच्या तापमानालाही सुटते. अँटिबॉडीची प्रथिनावरची पकड मात्र तेवढ्यात ढिली होत नाही. म्हणजे माझा सिग्नल मेला नव्हता, धडधाकट सिंकमध्ये गेला होता!

आता तेच मुद्दाम करतो. शोधणाऱ्या अँटिबॉडीवर बायोटिन लावलेला दुसरा धागा बसवला. कमी मिठाच्या बफरने दोन्ही अँटिबॉडी आणि मधलं प्रथिन अशी अख्खी जोडगोळी सोडवून नव्या ट्यूबमध्ये घेतो. प्लास्टिकला चिकटलेल्या फुकट्या मागेच राहतात. मग मीठ पूर्ववत करून बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनचे बीड्स (बारीक मणी) घालतो. प्रथिन न मिळालेल्या पकडणाऱ्या अँटिबॉडीही सुटून आलेल्या असतात, पण त्यांच्याकडे बायोटिन कुठे? त्या वॉशमध्ये जातात. ब्लँक आता खरोखर ब्लँक दिसते. सोडून पुन्हा पकडायची युक्ती जुनीच, जपानी संशोधक इशिकावांनी डीएनएशिवाय, डायनायट्रोफिनाइल या छोट्या रासायनिक गटाच्या आधाराने ती केली होती. पण सोडायला नुसतं मीठ कमी करायचं, हे मला फार आवडलं.

सीरममधली न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए तोडणारी विकरं, धागे कुरतडतात, म्हणून मॅग्नेशियम धरून ठेवणारं ईडीटीए घालतो. मॅग्नेशियम गेलं की त्यांची दातखीळ बसते.

एक अडलंय. जोडणीत काही अँटिबॉडींवर तीन-चार धागे बसतात, आणि त्या एकदम सगळ्या गाठी सोडायला तयार नसतात. भाराप्रमाणे रेणू धरून ठेवणाऱ्या आयन एक्स्चेंजच्या कॉलमवर धाग्यांच्या संख्येप्रमाणे त्या वेगळ्या करता येतात म्हणे. तुझा हात त्यात बसलेला आहे. त्या कॉलमवरून सोडवताना मिठाचा चढ किती सावकाश ठेवतोस, ते सविस्तर लिही.

तुझा,
विनय