आधी दिवसा वीज द्या, मग रात्री शेतात जाऊ नका म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकात बिबट्यापासून बचाव कसा करावा याची जी चौकट छापली आहे, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. अंधार पडल्यावर शेतात जाऊ नये, जावेच लागले तर एकट्याने जाऊ नये, हातात काठी आणि बॅटरी असावी, मोबाइलवर गाणी लावावीत, लहान मुलांना अंगणात एकटे सोडू नये, असे त्यात म्हटले आहे. यातली एकही सूचना चुकीची नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतल्या शाळकरी मुलांनाही त्या आता तोंडपाठ आहेत. माझा आक्षेप एवढाच आहे की, त्यातली पहिलीच सूचना पाळणे शेतकऱ्याच्या हातात नाही आणि याबद्दल आपल्या चौकटीत एक ओळही नाही.

आमच्या शेतीपंपांना थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की गहू असो वा कांदा, पाणी रात्रीच द्यावे लागते. गेल्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ असाच गव्हाला पाणी देत होता. दारे धरणारा, म्हणजे वाफ्यावाफ्याला पाणी वळवणारा, माणूस बहुतेक वेळ वाकलेलाच असतो. वाफ्याचे तोंड खोऱ्याने फोडायचे, वाफा भरला की ते मातीने बुजवायचे आणि पुढचे फोडायचे. दोन्ही हात खोऱ्यात गुंतलेले असल्याने बॅटरी बांधावर ठेवावी लागते आणि तिचा उजेड एका जागी पडून राहतो. बिबट्या अशा वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर उभ्या माणसापेक्षा सहज झेप घेतो, हे वन खात्याचे लोकच आम्हाला सांगतात. बांधावरचा कुत्रा भुंकता भुंकता एकाएकी भावाच्या पायांत शिरला, म्हणून त्याने मान वर केली. शेजारच्या आडसाली उसाच्या कडेला, दोन वाफ्यांच्या अंतरावर, बिबट्या दबा धरून बसलेला होता. भाऊ खोरे उंच धरून, उभ्यानेच, जीव खाऊन ओरडला आणि जनावर उसात परत गेले. तो घरी आला तेव्हा कोपरापर्यंत चिखलाने माखलेल्या त्याच्या हातांची थरथर थांबता थांबत नव्हती. त्यानंतर थोड्या वेळाने तो पुन्हा शेतात गेला, कारण पाटाचे पाणी चालू होते, निम्मे शेत कोरडे होते आणि पहाटे वीज जाणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वीज कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. वेळापत्रक वरून येते, आमच्या हातात काही नाही, असे तेथे सांगण्यात आले. वन कार्यालयात गेलो, तर विजेचा विषय आमच्याकडे येत नाही, तुम्ही वीज कार्यालयात अर्ज करा, असे उत्तर मिळाले. दोन्ही अर्जांच्या शिक्का मारलेल्या पोच माझ्याकडे आहेत. लेखी उत्तर एकाचेही आलेले नाही.

तेव्हापासून रात्रीच्या पाळीला भावाबरोबर भावजय जाते. ती बॅटरी धरून बांधावर उभी राहते आणि तो दारे धरतो. एकट्याने जाऊ नये ही आपली सूचना अशी पाळली जाते. मात्र तेवढा वेळ त्यांची दोन्ही मुले माझ्या वृद्ध आईच्या भरवशावर घरी असतात. आमच्या वस्तीवरचा संडास अंगणापलीकडे आहे आणि मूल रात्री उठले तर आईला गुडघ्यांमुळे त्याच्या मागे धावता येत नाही. म्हणजे एक सूचना पाळायची तर दुसरी मोडावी लागते. चौकट तयार करणाऱ्यांनी शेतातल्या वस्तीवर एक रात्र काढली असती, तर हे त्यांच्या ध्यानात आले असते.

बिबट्या येथे का आहे, हे आम्हाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या या पिकात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या. तोडणीच्या वेळी सरीत पिल्ले सापडतात, हा आमचा दर हंगामाचा अनुभव आहे. ही पिल्ले आईकडे परत जावीत म्हणून वन खात्याची माणसे रात्र रात्र जागतात, हेही मी पाहिले आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. सरसकट पिंजरे लावून बिबटे दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्याच अनुभवावरून दाखवून दिलेले आहे. बिबट्या उसात राहणारच असेल, तर माणसाने अंधारात उसाच्या कडेला वाकून काम करावे लागू नये, एवढी तजवीज तरी सरकारने करायला हवी. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. बिबट्यांचा वावर असलेल्या गावांच्या वीजवाहिन्या त्यात सर्वांत आधी घ्या, ही मागणी अवाजवी आहे काय? 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत एकापाठोपाठ एक बळी गेले, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, बायकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, तेव्हा कोठे सर्वांना जाग आली. मृताच्या वारसांना 25 लाख रुपये देण्याची तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. तेवढीच तत्परता माणूस जिवंत असताना वीज देण्यात दाखवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रात्री दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, असेही आपण लिहिले आहे. ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसते. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या या टोळ्या उसाच्या फडाला लागूनच उतरतात, मायबाप पहाटेच्या अंधारात तोडणीला जातात आणि लहान मुले कोपीत झोपलेली असतात. त्यांच्यासाठी त्या चौकटीत एकही शब्द नाही. हंगामापुरते का होईना, त्यांना पत्र्याचे दार असलेले निवारे आणि उजेड मिळायला हवा. तो खर्च साखर कारखान्यांनी उचलला पाहिजे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याच पानावर पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याभोवती मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या गर्दीचे छायाचित्र आपण ठळकपणे छापले आहे. अशा गर्दीने बिथरलेले जनावर पिंजऱ्याच्या गजांवर डोके आपटून रक्तबंबाळ होते. बिबट्या मोकळा असेल, तर तो वाट फुटेल तिकडे धावतो आणि समोर येईल त्याला जखमी करतो. त्यातल्या त्यात पुढे घुसलेली पोरे आमच्याच गावांतली असतात. बिबट्या दिसल्यास गर्दी करू नये आणि 1926 या क्रमांकावर वन खात्याला कळवावे, ही ओळ त्या छायाचित्राखाली छापणे सहज शक्य होते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. जुन्नर, जि. पुणे