गाणी ही चळवळीची सजावट नव्हती

अमेरिकेतील नागरी हक्क लढ्यातल्या गाण्यांवरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र ‘आपल्याकडे अशी परंपरा रुजली नाही’ हे त्यातील विधान मराठवाड्यातल्या वाचकाला पटणारे नाही. माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये केलेल्या बस बहिष्कारात चर्चमधल्या सभा गाण्यांनी भारल्या जात, हे खरेच. पण त्याच्या दोन दशके आधी आपल्याकडे आंबेडकरी जलसे, म्हणजे गाणी-संवादांतून चळवळीचा प्रचार करणारे कलापथक, गावोगाव फिरत होते. जलसाकारांनी तमाशाचा ढाचा ठेवला. मात्र देवाच्या नमनाऐवजी बाबासाहेबांना वंदन केले आणि मेलेली गुरे ओढायची की नाही, यावर भर मंडपात सवाल-जवाब रंगवले. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत चळवळ पोचवायला ढोलकी-तुणतुणे पुरे पडे.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला; मूळ नावाला बाबासाहेबांचे नाव जोडणारा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत, नामांतरविरोधी दंगलीत दलित वस्त्या जळाल्यावरही, माणसे बांधून ठेवण्यात शाहिरांचा वाटा नेत्यांपेक्षा कमी नव्हता. आजही नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ गायनपार्ट्यांभोवती गर्दी हटत नाही. (भाषणांना ती तेवढी थांबत नाही, हा भाग वेगळा.) खेड्यापाड्यांतल्या वृद्ध गायकांच्या हस्तलिखित वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी विद्यापीठाने गोळा कराव्यात आणि त्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित करावेत.

– एक वाचक, परभणी