गाडीचं नाक

सोलापूर,
मे महिन्यातला दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. परवा तुळजापूरचा घाट चढून वर थांबलास आणि मला फोन केलास. दुसऱ्या गिअरवर आलो, मागं काळ्या धुरानं काही दिसेना, आता हवेची ती उघडी जाळीवाली फिल्टर आणलीय, उद्याच बसवतो, असं म्हणालास आणि रेंज गेली. माझं बोलणं राहून गेलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंही, म्हणून आज सकाळी निवांत लिहायला बसलोय. जाळी अजून बसवली नसशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत थांब. बसवली असशील तर आजच काढ.

तुझा आणि माझा ट्रक, दोन्ही गाड्या एकाच वयाच्या. हवा दाबून भरणारा टर्बो नाही, डिझेलचा साधा पंप, सहा सिलिंडर, आणि हवेला ती तेलाच्या वाटीची फिल्टर. म्हणून माझ्या गाडीचं जे झालं तेच तुझ्या गाडीचं असणार, असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला निघालो होतो. नळदुर्गच्या चढाला गाडी दम टाकायला लागली. उमरग्याला चहाला थांबलो आणि बॉनेट उघडलं. हवा ओढायच्या तोंडावर कांद्याचे पापुद्रे चिकटलेले, आणि त्यांच्याखाली आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे भरताना उडतो तो सुताचा कापूस, नमद्यासारखा बसलेला. ते सगळं काढलं. ते दिसतं म्हणून काढता तरी येतं. मग फिल्टरकडून मॅनिफोल्डकडं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपाकडं, जाणारी रबरी बेंड सोडवली आणि आत बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी बारीक तपकिरी माती लागली. दातावर घासून बघितली तर कचकच. फिल्टरच्या पलीकडं, बंड्या! जिथं नुसती स्वच्छ हवा असायला पाहिजे तिथं. माझे हातपायच गार पडले.

बेंड उलटी करून उन्हात धरली तेव्हा खालच्या अंगाला दोन बोटं लांबीची चीर दिसली. बऱ्याच वर्षांपूर्वी ज्या मिस्त्रीनं काम केलं होतं त्यानं मापापेक्षा मोठी क्लिप कचकचून ओढली होती. तिच्या काठानं रबर कापत गेलं. वरून काहीच दिसत नव्हतं.

तुला आठवतं, तीन वर्षांपूर्वी मी हाफ इंजिनचं काम केलं तेव्हा पिस्टनच्या वरच्या रिंगा ब्लेडसारख्या पातळ निघाल्या होत्या आणि पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या लायनरला वरच्या बाजूला खाच पडली होती? आपण दोघांनी तेलाला दोष दिला. ते तेल नव्हतं. माती हवेबरोबर वरून आली की पहिला मार वरच्या रिंगेवर आणि लायनरच्या वरच्या भागावर बसतो. सगळे पैसे त्या एका चिरेतून गेले असणार. तेव्हापासून मी जोड बघितल्याशिवाय गाडीला हात लावत नाही.

आता थोडा हिशेब सांगतो, कारण तो कळला तेव्हा माझे डोळे उघडले. आपलं इंजिन पावणेसहा लिटरच्या आसपासचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर हवा भरून घेतात. म्हणजे २००० आरपीएमला, सिलिंडर पुरते भरत नाहीत हे धरूनही, मिनिटाला जवळपास ५००० लिटर हवा. आपली डिझेलची २०० लिटरची बॅरलं असतात ना, तशी २५ बॅरलं, दर मिनिटाला. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि धूर न होता जळायचं तर त्याहून बरीच जास्त. साधा पंप किती हवा आली ते मोजत नाही. तू पाय दाबलास की तो ठरल्याप्रमाणं डिझेल सोडतो. हवा कमी पडली की उरलेलं डिझेल काळा धूर होऊन मागनं जातं. तुझ्या गाडीच्या मागं जो धूर निघतो तो तुझ्या खिशातला पैसा आहे.

त्यात आपली हवा गरम. माझ्या फिल्टरचं तोंड रेडिएटरच्या मागं, इंजिनाच्या कुशीत होतं. बाहेर ३५ आणि तिथं ६५ अंश असले, तर त्याच मापाच्या हवेत वजनानं ९ टक्के हवा कमी भरते. सोलापूरचा उन्हाळा तर ४० च्या वर. इंजिन ओढतंय तेवढंच, पण हातात येतं कमी.

तेलाच्या वाटीला मी वाईट म्हणणार नाही. आबांनी सारी उमर तिच्यावर काढली, आणि दर चार दिवसांनी वाटी धुऊन नवं तेल भरायचे. पण तिची एक खोड आहे. हवा जोरात आली तरच माती तेलावर आपटून बसते. उसाच्या हंगामात आपण फडातल्या वाटेनं पहिल्या गिअरवर हळू जातो, धूळ सगळ्यात जास्त तिथं, आणि वाटी सगळ्यात कमी काम करते तीही तिथंच. शिवाय तेल खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेच ओढून घेतं आणि पळत सुटतं, मग चावी बंद करून उपयोग होत नाही. आबा क्लीनरला कधी ती वाटी भरू देत नव्हते, ते याच कारणानं.

काही कापायच्या आधी मी मोजलं, आणि तूही आधी मोज. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घे, नऊ-दहा फूट. फळीवर यू आकारात ठोक, दोन्ही पाय तीन-तीन फुटांचे ठेव. निम्म्यापर्यंत पाणी भर, चिमूटभर कुंकू टाक म्हणजे रेघ दिसते. एक टोक उघडं, दुसरं फिल्टर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पाईपला निपल लावून जोड. टर्बो नसल्यानं गाडी उभी ठेवून पूर्ण रेस दिली तरी माप चालतं. इंजिन ओढेल तसं एका पायातलं पाणी वर चढतं, दुसऱ्यातलं उतरतं. दोघांतलं अंतर इंचात मोज. पाय आखूड ठेवू नकोस, नाहीतर पाणीच इंजिनात जाईल. टर्बो नसलेल्या इंजिनाला साधारण २० इंच ही शेवटची हद्द धरतात. माझं आलं २४. वाटी धुऊन, जाळी साफ करून पुन्हा बघितलं तर १५. मी आणि धाकटा, दोघं गुडघ्यावर बसून त्या लाल रेघेकडं बघत होतो. गाडी इतकी वर्षं नाक दाबून पळत होती, हे पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं.

मग काम सुरू केलं. भंगारातून मोठ्या इंजिनाच्या गाडीचा कोरड्या फिल्टरचा डबा आणला, आत हवा गरगर फिरवणाऱ्या पट्ट्या असलेला. फिरताना जड माती कडेला जाते आणि खालच्या रबरी चोचीतून पडते. चोच रोज सकाळी चिमटीत दाबायची, मूठभर धूळ खाली येते. आतले दोन्ही कागदी फिल्टर, मोठा आणि त्याच्या पोटातला छोटा, नवे घेतले. डबा जुना चालेल, पण फिल्टर जुना घेऊ नकोस. डब्याच्या झाकणाचं पॅकिंगही नवं.

पाईप तीन इंची होता, मी चार इंची केला. आतली पोकळी पावणेदोन पट होते, आणि तेवढीच हवा न्यायला लागणारी ओढ तिपटीनं कमी होते. बेंडही तीनच्या दोन केल्या, त्याही लांब वळणाच्या. तोंड कॅबिनच्या मागं, सायलेन्सरच्या उलट बाजूला, टपाच्या उंचीला नेलं. चाकाची धूळ जमिनीलगत दाट असते, वर जाईल तशी विरळ होते. वर पत्र्याची छत्री, तिच्या खाली जाळी, म्हणजे पाऊस आणि पापुद्रे दोन्ही अडतात. खालच्या वळणाला पाणी निघायला छोटं भोक पाडून रबर लावलं. हे सगळं फिल्टरच्या अलीकडं, हे ध्यानात ठेव. पलीकडं एकही भोक नको. माप घेतल्यावर त्या निपलालाही घट्ट टोपण बसव.

दोन गोष्टी चुकल्या, त्या तू करू नकोस. आधी मी बोअरचा पीव्हीसी पाईप वापरला, स्वस्त आणि हलका म्हणून. इंजिनाजवळ तो दुसऱ्याच दिवशी मऊ पडून आत दबला. मग लोखंडी पाईप वेल्डिंग करून घेतला. तो बसवायच्या आधी आतून हात फिरवला म्हणून बरं, वेल्डिंगचे दाणे आत चिकटलेले होते. एक दाणा सुटून सिलिंडरात गेला असता तर संपलंच. तास दीड तास कानस घेऊन आतून घासला, डिझेलनं धुतला, कापड ओढून पुसला. पांढरं कापड पांढरं निघेपर्यंत.

आणि पाईप कॅबिनला किंवा चेसिसला पक्का, पण इंजिनाकडचा शेवटचा जोड रबरीच ठेव. इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर हलतं. कडक जोड दिलास तर आठवड्यात तडा जाईल, आणि तडा म्हणजे पुन्हा तीच चीर. क्लिपा रुंद पट्टीच्या, मापाच्या, प्रत्येक जोडाला दोन.

सगळं बांधून झालं की गाडी स्लोवर ठेवून वरच्या तोंडावर फळी दाबून धर. इंजिन दोन-चार सेकंदांत गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालत राहिलं तर कुठून तरी हवा ओढतंय, शोधून काढ. माझं पहिल्या खेपेला चालत राहिलं. डब्याच्या झाकणाची एक कडी नीट बसली नव्हती.

आता आकडे. पूर्ण रेसला पाणी ८ इंच. पीयूसीला धूर आधी ५८ यायचा, आता ४१, हद्द ६५. अॅव्हरेज साडेचारचं पावणेपाचच्या थोडं पुढं गेलंय, तीन फेऱ्या टाकी फुल करून मोजलं. खर्च साडेसहा हजार. गाडी नवी झाली नाही, ताकद पंपाच्या सेटिंगमध्ये असते आणि पंपाला मी हात लावला नाही. पण गेल्या बुधवारी तुझ्याच घाटात, तुझ्याएवढाच माल घेऊन, तिसऱ्यावर चढलो आणि आरशात मागचा रस्ता दिसत होता.

तुझ्या त्या उघड्या जाळीबद्दल. तिचा आवाज छान येतो, पिकअप वाढल्यासारखं वाटतं. पण ती बॉनेटच्या आतली गरमच हवा ओढणार, आणि खडी क्रशरच्या रस्त्याची बारीक धूळ तिच्यातून किती जाईल ते मी माझ्या बोटावर बघितलंय. कागदी फिल्टर थोडी मळली तर आणखी बारीक गाळते, म्हणून ती दर दोन दिवसांनी काढून कॉम्प्रेसरच्या पूर्ण हवेनं झोडपू नकोस. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. शंका आली तर अंधारात आत बल्ब धर, टाचणीएवढा उजेड दिसला तरी फेकून दे. नळीवर २० च्या जवळ आलं की बदल.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीच्या फेरफारांचं आहे. आरसीवरचं मी काही बदललेलं नाही, पण आपल्या गाड्या आठ वर्षांपलीकडच्या, पासिंग दरवर्षी. म्हणून पाईप वर काढायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून आलो, लांबीरुंदीच्या बाहेर काही येऊ दिलं नाही. तूही विचारून घे.

पुढच्या रविवारी रिकामी गाडी घेऊन ये. डब्याचं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, अजून एक आहे त्याच्याकडं, पट्ट्या शाबूत असलेला. फिल्टर येताना तू घे, पाईप माझ्याकडं आठ फूट उरलाय. नळीची फळी तयारच आहे. वहिनींना आणि पोरांना घेऊन आलास तर आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवते म्हणाली. आणि निघायच्या आधी एवढं कर: फिल्टरच्या पुढची बेंड काढ, पांढरं फडकं आत फिरव, आणि काय निघालं ते मला रात्री फोन करून सांग.

तुझाच,
आप्पा